दिल्लीच्या पावसातला उकाडा

पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत वर्षभरात साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेतही तो जवळपास तेवढाच, किंबहुना किंचित जास्त पडतो. हे सांगितले की माझ्या पुण्याकडच्या नातेवाइकांना खरे वाटत नाही, कारण त्यांच्या मनातली दिल्ली म्हणजे धूळ, लू नावाचा तप्त वारा आणि कोरडे आकाश. पण त्याहून महत्त्वाचा फरक पुढे आहे. जुलैमध्ये पुण्याचे सरासरी कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास येते, आणि दिल्लीचे, तेवढाच पाऊस पडत असताना, ३५ अंशांवर राहते. उन्हाळा संपवणे हे काम पुण्यातला पाऊस करतो. दिल्लीतला पाऊस ते करत नाही. तो उन्हाळ्याचे रूप बदलतो, आणि बदललेले रूप पहिल्यापेक्षा सोसायला सोपे असेलच असे नाही. दिल्लीत इतकी वर्षे राहिल्यावर मला या शहराच्या हवामानाविषयी सर्वांत आग्रहाने सांगावेसे वाटते ते हेच.

महाराष्ट्रातून इथे आलेल्या माणसाच्या अंगात एक पंचांग मुरलेले असते. मे महिना कसाबसा काढायचा, वळवाच्या एक-दोन सरी झेलायच्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागले की आभाळाकडे पाहायचे, आणि एकदा पाऊस लागला की पंखा मंद करून पांघरूण शोधायचे. दिल्लीत मान्सूनची सर्वसाधारण तारीख २७ जून ही आहे. म्हणजे मृग सरून आर्द्राही लागलेल्या असतात. दरम्यानच्या काळात सूर्य आपले काम करत राहतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्यात सूर्य मेच्या मध्यालाच डोक्यावर येऊन जातो आणि त्यानंतर लवकरच ढग त्याला झाकतात. दिल्ली साडेअठ्ठावीस अंश उत्तरेला असल्याने तिथे सूर्य कधीच बरोबर माथ्यावर येत नाही, पण २१ जूनच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो, दिवस जवळजवळ चौदा तासांचा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि पश्चिमेला राजस्थानचे वाळवंट. या सगळ्याचा परिणाम म्हणजे मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या घरात, आणि जूनचेही त्याच्यापेक्षा जेमतेम एखाद्या अंशाने कमी.

मेमधल्या या उष्णतेची ख्याती मोठी आहे आणि ती खोटी नाही. सफदरजंगला २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंशांची नोंद झाली होती. बरोबर ८० वर्षांनी, २९ मे २०२४ रोजी, पारा ४६.८ पर्यंत पोहोचला. त्याच दिवशी शहराच्या वायव्य टोकाला असलेल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश असा आकडा आला आणि जगभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्याने तपासणी करून त्या केंद्राचा संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता असे जाहीर केले. तीन अंश वजा केले तरी उरलेला आकडा ५० ला टेकलेलाच आहे, पण चर्चा चूक सापडल्याबरोबर थांबली, याची मला खंत वाटते. मुंगेशपूर आणि नजफगढ हे भाग शहराच्या मधल्या वस्तीपेक्षा दिवसा जास्त तापतात, कारण राजस्थानकडून येणारा तप्त वारा सर्वांत आधी त्यांच्यावर येतो आणि तिथली उघडी, कोरडी जमीन झपाट्याने तापते. रात्री मात्र हे उलटते. उघडी जमीन आपली उष्णता लवकर सोडून देते, आणि करोल बाग, पहाडगंज, लक्ष्मीनगर यांसारख्या दाट वस्त्यांतल्या विटा, काँक्रीट आणि डांबर पहाटेपर्यंत ती परत देत राहतात.

तरीही मेच्या या कोरड्या उष्णतेवर माणसाने उपाय शोधलेले आहेत, कारण कोरडी हवा पाणी शोषून घेते आणि पाणी उडून जाताना गारवा मागे ठेवते. वाळ्याचे पडदे, मातीचे माठ, गच्चीवर शिंपलेले पाणी, आणि आताचा खिडकीत बसवलेला कूलर हे सगळे त्या एकाच तत्त्वावर चालतात. अंगावरचा घामही त्याच तत्त्वावर काम करतो. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला जाणवणारी उष्णता प्रत्यक्ष तापमानापेक्षा थोडी कमीच भरते. लू जीवघेणी आहे, दुपारी उन्हात राबणाऱ्या मजुराचा ती बळी घेते, हे मी क्षणभरही विसरत नाही. पण ज्याला सावली, पाणी आणि विजेचा एक साधा कूलर मिळतो, त्याला मेची रात्र झोप देते. मेच्या किमान तापमानाची सरासरी २६ अंशांच्या आसपास आहे.

मेमध्येही इथे पाऊस पडतो, आणि तो जुलैच्या पावसाहून जातीने वेगळा असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानावरून येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयात बर्फ पाडतात, आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत असले तरी अधूनमधून मैदानाला स्पर्श करतात. खाली तापलेली जमीन, वर थंड हवा, आणि अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून थोडी आर्द्रता मिळाली की दुपारनंतर ढग उंच चढतात. त्यातून पडणारा पाऊस पुष्कळदा जमिनीवर येण्याआधीच कोरड्या हवेत उडून जातो. तो उडताना हवा एकदम थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि पुढची धूळ उचलत आंधी होऊन शहरावर येते. ३० मे २०२२ च्या संध्याकाळी सफदरजंगचे तापमान तासा-सव्वा तासात ४० अंशांवरून २५ अंशांवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत गेला, शेकडो झाडे पडली आणि जामा मशिदीच्या मुख्य घुमटावरचा कळस तुटला. अशा आंधीनंतरची रात्र दिल्लीकरांना खरोखर सुखाची वाटते. ढग निघून गेल्यावर हवा कोरडीच राहते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पारा पुन्हा चढतो, पण मधले काही तास श्वास मोकळा होतो. उन्हाळ्याला उतारा देणारा पाऊस दिल्लीत असेल तर तो हा आहे, आणि त्याच्या वाट्याला एकूण पावसातला फार छोटा हिस्सा येतो.

निदान आतापर्यंत येत होता. २० मे २०२१ रोजी सफदरजंगला २४ तासांत ११९.३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मेमधला तोवरचा उच्चांक. हा पाऊस तौक्ते चक्रीवादळाच्या उरलेल्या अंशाचा होता. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या आंबा-काजूच्या बागा, घरांची छपरे आणि विजेचे खांब पाडत जे वादळ किनाऱ्याने वर सरकले आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत शिरले, त्याचीच आर्द्रता पश्चिमी झंझावाताने दिल्लीवर ओढून आणली. कोकणातल्या माणसांशी फोनवर पडझडीची विचारपूस सुरू असताना खिडकीबाहेर त्याच वादळाचे पाणी पडत होते. पुढे २०२५ चा मे तर १८६.४ मिलिमीटर पावसाने नोंदींमधला सर्वांत ओला मे ठरला. दोन घटनांवरून दिशा ठरवू नये हे मला मान्य आहे. पण मे म्हणजे कोरडा महिना असे गृहीत धरून रस्ते खोदायचे आणि गटारे जूनअखेरीस साफ करायची, ही पद्धत आता परवडणारी नाही.

मान्सून दिल्लीत पूर्वेकडून येतो, हेही महाराष्ट्रातल्या माणसाला समजून घ्यावे लागते. आपल्याकडे पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून घाट चढून येतो. इथे बंगालच्या उपसागरावरचा ओला वारा गंगेच्या मैदानातून बिहार, उत्तर प्रदेश ओलांडत येतो, आणि तोच पुरवैया. या वाऱ्याचा आणि वाळवंटी पश्चिम वाऱ्याचा जिथे सांधा असतो तिथे श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा लांबच लांब पट्टा तयार होतो, ज्याला हवामानशास्त्रात मान्सूनचा आस म्हणतात. दिल्लीचे जुलै-ऑगस्टमधले सगळे भवितव्य या आसावर अवलंबून असते. तो शहरावर किंवा शहराच्या जवळ असला की पाऊस पडतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की पाऊस उत्तराखंडात आणि नेपाळच्या तराईत पडतो, आणि दिल्लीत आभाळ उघडते, ऊन लागते, हवेतली ओल मात्र जागची हलत नाही.

म्हणूनच मान्सून दाखल होण्याच्या तारखेला मी फारसे महत्त्व देत नाही. २०२१ मध्ये तो दिल्लीत १३ जुलैला आला, इतका उशीर दोन दशकांजवळच्या काळात झाला नव्हता, आणि तरीही त्या हंगामात पाऊस १,१०० मिलिमीटरच्या पुढे गेला. सर्वसाधारण हंगामी पाऊस ६४० मिलिमीटर आहे. २०२३ मध्ये २५ जूनला मुंबई आणि दिल्ली या दोन्ही शहरांत मान्सून एकाच दिवशी जाहीर झाला, जे १९६१ नंतर प्रथमच घडले. त्या दिवशी दोन्हीकडच्या कुटुंबांमध्ये एकच बातमी फिरली, परंतु मुंबईला तो दोन आठवडे उशिरा आला होता आणि दिल्लीला दोन दिवस लवकर.

आता मूळ मुद्द्याकडे. जूनमध्ये दिल्लीचे सरासरी कमाल तापमान ३९ अंशांच्या आसपास असते आणि जुलैमध्ये ते ३५ वर येते. चार अंशांचा हा उतार वर्तमानपत्रांत दिलासा म्हणून छापला जातो. किमान तापमानाचा रकाना वाचला तर चित्र बदलते. जूनची सरासरी रात्र साधारण २८ अंशांची आणि जुलैची त्याच्या अर्ध्या अंशाच्या आत-बाहेरची. म्हणजे दिवस उतरतो, रात्र उतरत नाही. याचे कारण हवेतली वाफच आहे: दिवसा ढग ऊन अडवतात, रात्री तीच वाफ आणि तेच ढग जमिनीतून आकाशाकडे निघालेली उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवतात. वाळवंटात सूर्यास्तानंतर जी मोकळीक मिळते ती ओल्या हवेत मिळत नाही. ३६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता एकत्र आली की शरीराला जाणवणारी उष्णता ४५ अंशांच्या पुढे जाते, म्हणजे मेमधल्या ४२ अंशांच्या कोरड्या दुपारीपेक्षा कितीतरी जास्त. कूलर चालू केला तर तो खोलीत आणखी ओल भरतो. घाम निघतो आणि अंगावरच राहतो.

पुण्यात असे का होत नाही, याचे उत्तर उंची आणि पावसाची चाल या दोहोंत आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, पश्चिमेचा वारा अखंड वाहत असतो, आणि घाट ओलांडून आलेले ढग दिवसेंदिवस झाकोळून राहतात. पाऊस बुरबुर पडतो, थोडा-थोडा पडतो, आणि सूर्याला डोके वर काढू देत नाही. दिल्लीच्या जुलैमध्ये अडीच मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे दिवस सुमारे दहाच असतात. महिन्याचे दोनशेहून अधिक मिलिमीटर त्या दहा दिवसांत, आणि त्यांतल्याही मोजक्या तासांत पडून जातात. उरलेल्या वीस दिवसांत ऊन भिजलेल्या जमिनीतून वाफ काढत राहते.

२०२४ चा जून मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. १९ जूनच्या पहाटे सफदरजंगचे किमान तापमान ३५.२ अंश होते, सरासरीपेक्षा आठ अंशांनी जास्त. म्हणजे शहराची सर्वांत थंड वेळ मुंबईच्या मेमधल्या दुपारपेक्षा गरम होती. त्या आठवड्यात रुग्णालयांत उष्माघाताचे रुग्ण येत राहिले, आणि त्यांत दिवसभर उन्हात असलेल्यांबरोबर पत्र्याच्या खोलीत झोपणारेही होते. त्यानंतर नऊ दिवसांनी, २८ जूनला, त्याच वेधशाळेत २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला. संपूर्ण जूनची सरासरी ७४.१ आहे, तिच्या तिप्पट पाणी एका रात्री-पहाटेत पडले. १९३६ नंतर जूनमध्ये एका दिवसात एवढा पाऊस झाला नव्हता. विमानतळाच्या टर्मिनल एकच्या छताचा भाग कोसळून एक जण मृत्युमुखी पडला आणि शहरभर भुयारी मार्ग बुडाले. पालमच्या वेधशाळेत, जी सफदरजंगपासून काही किलोमीटरांवर आहे, जवळपास निम्माच पाऊस नोंदला गेला. दहा दिवसांत एकाच शहराने दोन टोके पाहिली, आणि दुसऱ्या टोकाने पहिल्यावर उतारा दिला तो जेमतेम काही दिवस.

या उकाड्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. चांदणी चौकातल्या आणि करोल बागेतल्या सराफ बाजारांत सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून आलेली गलाई व्यवसायातली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. ती दुष्काळी मुलखातली आहेत, उन्हाची सवय त्यांना जन्मापासून आहे. भट्टीशेजारच्या अरुंद खोलीत मे काढता येतो, असे ती सांगतात, पण श्रावण काढवत नाही. जवळच्याच राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यातून आलेली मुले-मुली राहतात, कुणी बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, जिला दिवसभर ऊन आणि रात्रभर तापलेला स्लॅब मिळतो, तर कुणी अभ्यासासाठी तळघरातल्या अभ्यासिकेत, कारण तिथे गारवा असतो. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुसळधार पावसाचे पाणी जुन्या राजेंद्र नगरातल्या एका शिकवणीच्या तळघरात घुसले आणि तिथल्या ग्रंथालयात अडकलेले तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या रात्री कितीतरी मराठी घरांतून दिल्लीला फोन लागत होते. मला ही घटना निव्वळ पुराची वाटत नाही. उकाड्याने ज्यांना तळघरात ढकलले, त्यांना पावसाने तिथे गाठले, आणि ते तळघर वाचनासाठी वापरायची परवानगीच नव्हती.

पाणी साचण्याचे कारण शोधताना लोक पावसाच्या प्रमाणाकडे बोट दाखवतात. ते अर्धेच बरोबर आहे. दिल्लीच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा १९७६ सालचा होता आणि त्याच्याच आधाराने शहराने पुढची कित्येक दशके काढली, ज्या काळात लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली आणि नजफगढ, बारापुला व यमुनापार या तिन्ही खोऱ्यांतल्या नाल्यांवर वस्ती, रस्ते आणि वाहनतळ आले. कॅनॉट प्लेसजवळच्या मिंटो ब्रिजखाली पावसाळ्यात पाणी भरण्याची ख्याती जुनी आहे. १९ जुलै २०२० रोजी तिथे एक टेंपोचालक बुडाला. त्याच पुलाजवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव शिवाजी ब्रिज आहे. जलदुर्ग बांधणाऱ्या राजाचे नाव असलेल्या जागी पाण्याला वाट नसावी, याचे मला दरवर्षी मनापासून वाईट वाटते.

यमुनेचा पूर मात्र वेगळ्या हिशोबाने चालतो. जुलै २०२३ मध्ये नदीने १९७८ चा विक्रम मोडला आणि १३ तारखेला २०८.६६ मीटरांची पातळी गाठली, तेव्हा शहरात त्या मानाने पाऊस नव्हता. हिमाचल आणि हरयाणात आधी पडलेले पाणी हथिनीकुंड बंधाऱ्यावरून खाली आले होते. ही नदी वरच्या डोंगरातल्या पावसाने वागते, हे मराठ्यांनी फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते, अब्दाली पलीकडे दोआबात होता, आणि मधली यमुना दुथडी भरून वाहत असल्याने दोन्ही फौजा कित्येक आठवडे एकमेकींपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि पानिपतचा मार्ग ठरला.

प्रशासनाच्या इशाऱ्यांविषयी माझे एक ठाम मत आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जावे लागते, किंवा ते थेट ४५ वर पोहोचावे लागते. उष्ण रात्रीच्या व्याख्येतही दिवसाचे ४० अंश ही अट आहेच. मेसाठी ही मोजपट्टी योग्य आहे. जुलै-ऑगस्टमधले ३६ अंश तिच्यात बसतच नाहीत, त्यामुळे शाळांच्या वेळा, मजुरांची दुपारची सुट्टी, पाणपोया आणि रुग्णालयांची तयारी हे सगळे पहिल्या पावसाबरोबर आवरते घेतले जाते. ज्या काळात शरीराला रात्रीची विश्रांतीही मिळत नाही, त्याच काळात मदत संपते. किमान तापमान आणि आर्द्रता यांना कमाल तापमानाच्या बरोबरीने पहिल्या ओळीत स्थान द्यावे, आणि उष्णतेचा आराखडा सप्टेंबरपर्यंत चालू ठेवावा. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. ते आकडे वेधशाळेत रोज सकाळी लिहिलेच जातात.

गणपतीचे दिवस इथे बहुधा अशाच घामट हवेत येतात. दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळांत आरतीला उभे राहिलेल्यांचे कपडे दुसऱ्या कडव्याला ओले झालेले असतात. मान्सून दिल्लीतून परतण्याची सर्वसाधारण तारीख २५ सप्टेंबर आहे, आणि ती जाहीर करताना हवामान खाते पाऊस थांबला का याबरोबर हवेतली ओल घटली का हेही पाहते. मला ही कसोटी दिल्लीच्या उन्हाळ्याच्या शेवटाला अगदी चपखल वाटते. महाराष्ट्रात पाऊस गेला की ऑक्टोबर हीट सुरू होते, माणसे पुन्हा घामाघूम होतात. दिल्लीत वायव्येचा कोरडा वारा परत येतो. ऑक्टोबरमधला दिवस ३३ अंशांचा असतो, म्हणजे ऑगस्टपेक्षा एखाद्या अंशाने कमी. रात्र मात्र ऑगस्टच्या २७ वरून २० पर्यंत खाली गेलेली असते.